स्वतःलाच शिव्या घालायची सवय कशी सोडवायची? (अभ्यासिकेतून)

कप्पा_क्र_४१ · रात्री १:३५

धागा काढू का नको करत तीन दिवस गेले, आज काढतोच. मोठा झालाय, सांभाळून घ्या.

परवा निकाल लागला. एमपीएससीची राज्यसेवा पूर्व, चौथी वेळ, दीड मार्काने गेली. जीएसच्या पेपरला प्रश्न दोन मार्कांचा आणि चुकला की अर्धा वजा. मी शेवटच्या दहा मिनिटांत तीन तुक्के मारले, तिन्ही चुकले, म्हणजे ते तीन गोल कोरे सोडले असते तर आज मी आत होतो. हे गणित मी तीन दिवसांत दोनशे वेळा तरी केलं असेल. आंघोळ करताना, मेसच्या लाइनीत, शास्त्री रोडवर सिग्नलला उभं असताना. आणि गणित संपलं की दर वेळी डोक्यात तेच, "गाढवा, लायकीच नाही तुझी, बापाचा पैसा उडवतोयस."

गेल्या वर्षी कुठल्यातरी मोटिवेशनच्या व्हिडिओत बघून मी अभ्यासिकेतल्या माझ्या कप्प्यात समोर कागद चिकटवला होता, लाल स्केचपेनने, "मी उपजिल्हाधिकारी होणारच". रोज सकाळी बसलो की अकरा वेळा मनात म्हणायचं. म्हटलं पण, नेमाने. परवा तो काढायला गेलो तर सेलोटेपबरोबर खालचा ब्राउन पेपरच फाटून आला, मालकाने कधीतरी सगळ्या कप्प्यांना लावलेला, आणि त्याच्याखाली प्लायवर अजून एक चिठ्ठी. पिवळी पडलेली, निळ्या पेनने, "२०१९ ला पोस्ट काढणारच". अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

तो कोण होता, पोस्ट काढून गेला का गावी गेला, काही माहीत नाही. मी अर्धा तास तिथे नुसता बसून होतो.

तर प्रश्न असा, की हा आतला आवाज बंद कसा करतात? आणि प्लीज "पॉझिटिव्ह विचार कर" असं कोणी लिहू नका, ते अकरा वेळा करून झालंय.


आलं_कमी_साखर_जास्त · सकाळी ७:१२

भावा, वाचून पोटात खड्डा पडला. मी २०२१ ची बॅच. आमची पूर्व १४ मार्चला होती आणि ११ ला कळलं की पुढे गेली, हॉलतिकीट खिशात, गावाकडची पोरं आदल्या दिवशीच पुण्यात येऊन बसलेली. शेवटी २१ ला झाली. त्या दिवशी नवी पेठेत रस्त्यावर उतरलो होतो सगळे. पण तुला गंमत सांगतो, रात्री खोलीवर आल्यावर मी शिव्या कोणाला घातल्या असतील? स्वतःला. कोरोना मी आणला नव्हता, तारीख मी बदलली नव्हती, तरी "तू मागच्याच अटेंप्टला निघायला पाहिजे होतास" म्हणून स्वतःलाच झोडत बसलो.

नंतर एक प्रयोग केलेला, वेडेपणा वाटेल. डोक्यात जे चाललंय ते मोबाईलमधे मोठ्याने बोलून रेकॉर्ड केलं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर इअरफोन लावून ऐकलं. अरे ते माझे शब्दच नव्हते! "डोक्यात शेण भरलंय का" हे आमच्या आठवीतल्या गणिताच्या सरांचं वाक्य, जसंच्या तसं, त्यांच्याच चालीत. पंधरा वर्षं मी त्या माणसाला डोक्यात फुकट खोली दिली होती, ना डिपॉझिट ना भाडं.

आवाज बंद नाही झाला. पण आता आला की मी म्हणतो, आले सर.


परखड_काका · सकाळी ९:४०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आमच्या वेळी हे सेल्फ-केअर वगैरे नव्हतं. नापास झालो तर वडील दोन दिवस बोलायचे नाहीत, तिसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडायचो. स्वतःला चार शिव्या घातल्याशिवाय माणूस हलत नाही. आता जरा काही झालं की काउन्सेलर. चार अटेंप्ट झाले म्हणजे वय काय? प्लॅन बी बघा आणि कामाला लागा.


वाचतो_मग_बोलतो · सकाळी १०:०५

काका, प्लॅन बीचं पटलं, बाकीचं नाही. शिव्यांनीच माणूस हलला असता तर धागाकर्ता एव्हाना मंत्रालयात असता.

त्या अकरा वेळांबद्दल मात्र लिहायचंच होतं. कप्पा_क्र_४१, तू चुकीचं काही केलेलं नाहीस, ते औषधच तसलं आहे. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं, २००९ मधे छापून आलं. लोकांना "मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे" अशा अर्थाचं एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल मुळात बरं मत होतं त्यांना थोडं अजून बरं वाटलं. आणि ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांना खरी गरज होती, त्यांना ते वाक्य म्हणून उलट जास्त वाईट वाटलं. कारण आपण म्हणतो "मी भारी", आणि आतला लगेच विचारतो "कधीपासून?"

म्हणजे ज्या वाक्यावर स्वतःचाच विश्वास नाही ते घोकून उपयोग नाही. बारकं असलं तरी चालेल पण खरं असलेलं वाक्य पाहिजे. "मी होणारच" खरं का खोटं, कोणालाच माहीत नाही. "आज मी इतिहासाचे चाळीस प्रश्न सोडवले" हे खरं आहे, त्यावर आतला काय बोलणार?


ठाणे_स्लो · सकाळी ११:३०

मी कॉलेजच्या पोरांबरोबर समुपदेशनाचं काम करते, आठ वर्षं झाली. पेठेतली मुलं फोनवर खूप असतात आमच्याकडे, निकालाच्या आठवड्यात तर विचारू नका.

वरच्या वाक्यांमधलं एकच अक्षर बघा सगळ्यांनी. "होणार*च*." "मागच्या*च* अटेंप्टला निघायला पाहिजे होतास." "लायकी*च* नाही." मराठीत आपल्याला हा च फार सोयीचा आहे, भाजी आणायला जाताना पण आपण "येतेच" म्हणतो. पण परीक्षेच्या पोरांच्या डोक्यात तो अडकला की सोडत नाही. अल्बर्ट एलिस म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी १९५५ पासून जी पद्धत मांडली (आरईबीटी म्हणतात, मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती) तिचा सगळा भर या "पाहिजेच"वर आहे. आपल्याकडे कि. मो. फडके सरांनी ती आणली, रुजवली, मराठीत समजावली.

त्यात ए-बी-सी असतं. पुणेकरांनो, अप्पा बळवंत चौक नव्हे. ए म्हणजे घडलं काय, दीड मार्काने गेली. सी म्हणजे वाटतंय काय, जगायला नालायक असल्यासारखं. आपण समजतो ए मुळे सी झालं. पण मधे बी असतो, म्हणजे त्या घटनेबद्दल आपण स्वतःला सांगितलेली गोष्ट. "पास व्हायलाच पाहिजे होतं, झालो नाही, म्हणजे मी फुकट." तोच दीड मार्क, पण शेजारच्या कप्प्यातला पोरगा म्हणाला असेल, "पास व्हायची जाम इच्छा होती, नाही झालो, वाईट झालं." त्याला पण दुःख होईल, होऊ दे, दुःख व्हायलाच हवं (बघा, आलाच माझ्या तोंडात पण!). पण तो मोडणार नाही.

करायचं एवढंच, आवाज आला की वाक्य कागदावर लिहायचं आणि च खोडायचा. बाकी वाक्य तसंच ठेवायचं. "लायकी नाही" उरलं तर पुढे विचारायचं, कशाची? त्या तीन तुक्क्यांची? तीन गोलांवरून अख्ख्या माणसाचा निकाल लावायचा अधिकार कोणी दिला तुला? आयोगाने सुद्धा फक्त पेपरचा लावलाय.


आजीची_धाकटी · दुपारी १:१५

ठाणे_स्लो ताई, च बद्दल +१. मी आत्ता व्हॉट्सॲपवर आईला पाठवलेले शेवटचे दहा मेसेज बघितले, सहा च निघाले.

मला एक वेगळंच आठवलं. आमची आजी तिन्हीसांजेला मनाचे श्लोक म्हणायची, २०५ श्लोक, आणि त्यात समर्थ "मी"ला नाही, "मना"ला हाक मारून बोलतात. लहानपणी वाटायचं आजी कोणा मना नावाच्या माणसावर चिडलीये. पुढे एमएला असताना ईथन क्रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं संशोधन अभ्यासाला होतं, २०१४ चं. टेन्शनच्या प्रसंगाआधी जे लोक "मी"च्या ऐवजी स्वतःचं नाव घेऊन स्वतःशी बोलले ते जास्त शांत राहिले, नंतर स्वतःला कमी टोचत बसले. मी वर्गात फिसकन हसले, बाईंनी विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, आजी आठवली.

मी करते हे. घरचं नाव घेऊन. ऑफिसमधे प्रेझेंटेशनच्या आधी वॉशरूममधे, "ठकू, काय होईल फार तर? अडखळशील. मग पाणी पी." ठकू म्हटलं की शिवी देताच येत नाही, ते नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी कधी शिवी दिली नाही म्हणून असेल. कप्पा_क्र_४१, तुला घरी काय म्हणतात?


कप्पा_क्र_४१ · दुपारी १:४०

पिंट्या. हसू नका.


वऱ्हाडी_ठेचा · दुपारी २:२०

पिंट्या, तू रात्री दीड वाजता जागा काहून हायेस हे सांग मले आधी. सगळे मनाचं सांगून राह्यले, मी देहाचं सांगतो.

मी अमरावतीचा, पेठेत पाच वर्षं काढले, कॉट बेसिसवर, एका खोलीत सहा जण. आता तालुक्याच्या ठिकाणी क्लार्क हावो, सुखात हावो. आमच्या अभ्यासिकेत रात्री तीनपर्यंत बसनं म्हणजे इज्जत होती. जो अकराला झोपला तो सिरियस नाही. मग सकाळी नऊ-दहाले उठनं, नाश्ता हुकला म्हणून चहा-क्रीमरोल, दुपारी मेसवर तीच पातळ बटाट्याची भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा. ऊन म्हणून आंगावर पडत नव्हतं. आन मग मी म्हणत होतो माह्या डोक्यात वाईट विचार काहून येतात. येतीन नाही तर का!

एका रूममेटनं जबरदस्तीनं सकाळी पर्वतीवर नेनं सुरू केलं. १०३ पायऱ्या. पहिल्या दिवशी अर्ध्यात बसलो, सत्तर वर्षांच्या आज्या बाजूनं पटपट चढून गेल्या, एकीनं तर विचारलं बाळा पाणी देऊ का. पण पंधरा दिवसांत फरक पडला बाप्पा. पास नाही झालो त्यानं, खोटं कायले सांगू. पण रात्रीचा तो आवाज निम्मा झाला. मले असं दिसलं का तो रात्री बाराच्या नंतरच बोलते, आन उपाशी पोटी बोलते. सात तास झोपलेल्या मानसाले तो जास्त तरास देत नाही.

अजून एक. टेलिग्रामवरचे ते "माझा स्कोअर १२६, सेफ आहे का" वाले ग्रुप निकालाच्या आठवड्यात म्यूट कर. ते सेफ विचारत नाहीत, दाखवून राह्यले.


आलं_कमी_साखर_जास्त · दुपारी २:३१

शेवटच्या ओळीला दंडवत.


परखड_काका · दुपारी ४:५०

ठेचाभाऊंचं पटलं. शरीर आधी.

सकाळी जरा जास्त बोललो असेन. माझा मुलगाही दोन वर्षं सीए इंटरला अडकला होता. मी त्याला तेच म्हणायचो जे वर लिहिलं, प्लॅन बी बघ. एकदा त्याची आई म्हणाली, तो तुमच्या स्कूटरचा आवाज आला की बेसिनचा नळ सोडतो, तोंड धुतोय असं दाखवायला. तेव्हा लक्षात आलं नव्हतं. आज हा धागा वाचताना एकदम आलं.

त्याला फोन करणार आहे. काय बोलू ते ठरलेलं नाही. च न वापरता बोलायचा प्रयत्न करतो.


नवीन_सभासद_७ · रात्री ११:५५

सगळं वाचलं. हे सगळं ज्यांना अजून काहीतरी वाटतं त्यांच्यासाठी आहे. मला शिव्या पण ऐकू येत नाहीत आता. काहीच वाटत नाही. दीड महिना झाला अभ्यासिकेत जातो, पान उघडतो, संध्याकाळी तेच पान. झोप तीनला मोडते. आपण नसलो तर घरच्यांचा खर्च तरी वाचेल असं वाटतं कधी कधी. असो. तुमचं चालू द्या.


ठाणे_स्लो · रात्री १२:०४

नवीन_सभासद_७, जागी आहे मी. बरं झालं लिहिलंस. सरळ विचारते, जीव द्यायचे विचार येतात का? आज, आत्ता येताहेत का? विचारल्याने ते वाढत नाहीत, म्हणून न घाबरता सांग.

आणि आत्ताच १४४१६ लाव. टेली-मानस, सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तू एकटा आहेस का खोलीत? कोणी असेल तर त्याला उठव. "मला एकटं राहायचं नाहीये" एवढंच म्हण, कारण सांगायची गरज नाही.

बाकी सगळ्यांसाठी, नाव घेऊन बोलणं, च खोडणं, पर्वती, हे वाईट दिवसांसाठी आहे. वर याने जे लिहिलंय, दीड महिना काही न वाटणं, पहाटे झोप मोडणं, आपण नसलो तर बरं वाटणं, त्याला डॉक्टर लागतो. ताप १०३ गेला की आपण स्वतःशी चांगलं बोलत बसत नाही.


नवीन_सभासद_७ · रात्री १२:१९

येतात. पण आत्ता काही करणार नाहीये. रूममेट आहे, उठवलं. तो चहा करतोय. तुम्ही म्हणता ते ठीक आहे पण मानसोपचाराचे कागद झाले तर पुढे कुठे अडकणार नाही ना? पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे. तीच भीती आहे खरी.


ठाणे_स्लो · रात्री १२:२६

ही भीती मी आठवड्यातून दोनदा ऐकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चा, त्यात तुझ्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त राहायचा हक्क तुला दिलेला आहे. डॉक्टर उठून कोणाला सांगत नाही. आणि मानसोपचार म्हटलं की लोकांना येरवडा नाहीतर ठाणं आठवतं, "पाठवा याला" वाले जोक. तसलं काही नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असते, केसपेपर काढायचा, लाइनीत बसायचं, शेजारी गुडघेदुखीवाले पण बसलेले असतात.

चहा पी. मग रूममेटला शेजारी बसवून फोन लाव. मी इथेच आहे.


नवीन_सभासद_७ · रात्री १:०८

लागला. वीसेक मिनिटं बोललो. बाई होत्या, घाई नाही केली. सकाळी ओपीडीला जायचं ठरलंय, रूममेट येतोय बरोबर. त्याला आयुष्यात पहिल्यांदा क्लास बुडवायला चांगलं कारण मिळालं म्हणतोय.


वऱ्हाडी_ठेचा · सकाळी ६:१५

वाचलं आत्ता. नवीन भाऊ, दुपारी इथं येऊन नुसतं एक टिंब टाक. बाकी काही लिहू नको.


नवीन_सभासद_७ · दुपारी ३:४०

.


कप्पा_क्र_४१ · वीस दिवसांनी, रात्री ९:५०

धागा वर आणतोय, उत्तर द्यायचं राहिलं होतं सगळ्यांना.

आवाज आहे अजून. काल मेसवर एकाने सहज विचारलं, "तुझं काय झालं रे?" आणि लगेच सुरू, गाढवा वगैरे. मी म्हटलं, पिंट्या, तो फक्त विचारतोय, पोळी खा. खाल्ली. कडक होती.

च खोडायची वही केलीये. पहिल्या दिवशी एकोणीस होते. मोजायला लागल्यावर जरा हसू येतं, हे अपेक्षित नव्हतं. "बापाचा पैसा उडवतोयस" मधे मात्र च नाही आणि ते खोटं पण नाही, म्हणून त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. शेवटी घरी फोन केला. अण्णांना म्हटलं, बोलायचंय. ते म्हणाले किती पाठवू. म्हटलं पैसे नकोत, मी खचलोय. बराच वेळ काही नाही, फक्त मागे गोठ्यात बादली वाजल्याचा आवाज. मग म्हणाले, "चार दिवस ये इकडं. हरभरा काढायचाय, माणूस मिळंना." जाऊन आलो. दोन दिवस कंबर धरली होती. रात्री नऊला झोपायचो.

पुढचा फॉर्म भरणार आहे. शेवटचा, असं ठरवलंय, आणि जूनपासून एका अकाउंटंटकडे अर्धा दिवस काम बघितलंय, काका, तुमचा प्लॅन बी.

कप्प्यात ती निळी चिठ्ठी तशीच ठेवली. माझा कागद परत लावला नाही. शेजारच्या ४२ मधे एक नवीन पोरगा आलाय, बीडकडचा, त्याने विचारलं ही तुमची का. म्हटलं नाही, आधीच्याची. तो म्हणाला, मग त्याचं झालं का?

मी म्हटलं चल चहा घेऊ.


वऱ्हाडी_ठेचा · रात्री १०:०५

मी रविवारी पुन्यात हावो, सासुरवाडीले. सकाळी सहाले पर्वतीच्या पायथ्याशी येतो. त्या ४२ वाल्याले पण आन.


कप्पा_क्र_४१ · रात्री १०:०७

सहा म्हणजे सहाच का?


वऱ्हाडी_ठेचा · रात्री १०:०८

च खोड. साडेसहाले ये.